आठ अँगस्ट्रॉमच्या आत

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, मण्यांसारखी ओवलेली. त्यातली कुठलीही दोन निवडून जोड्या लावत गेलं तर १०,५८५ जोड्या होतात. बहुतेक जोड्यांचा एकमेकींशी काही संबंध येत नाही. साखळी घडी घालून आपल्या ठरलेल्या आकारात बसली की त्यातल्या थोड्याच जोड्या शेजारी येतात. त्या कोणत्या, किती जवळ, आणि त्या जवळ आहेत म्हणून पुढे काय घडतं, हे बघण्यात माझी गेली कित्येक वर्षं गेली. बडोद्यात राहते, इथेच शिकले, आता इथेच शिकवते. कामाला लागतो एक संगणक आणि पीडीबीमधून उतरवलेली एक फाईल. हा प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाला. आज त्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि जगातल्या कोणालाही त्या फुकट मिळतात.

फाईल उघडली की दिसतात नुसते आकडे. प्रत्येक अणूची एक ओळ: कुठला अणू, कुठल्या अमिनो आम्लातला, साखळीत कितव्या जागेवरचा, आणि मग एक्स, वाय, झेड. अंतर काढायचं सूत्र शाळेतलंच. माझी खरी आवड त्यापुढे सुरू होते. साखळीत बाराव्या आणि एकशे तिसाव्या जागेवर असलेली दोन आम्लं घडी पडल्यावर एकमेकांना टेकून बसलेली सापडतात. दांडिया बाजारातल्या जुन्या वस्तीत हे मी लहानपणापासून बघत आले आहे: दोन घरांचे पत्ते वेगळ्या पोळींतले, म्हणजे वेगळ्या मोहल्ल्यांतले, दारं वेगळ्या गल्ल्यांत उघडणारी, पण मागची भिंत एकच. पत्त्यावरून ते कधी कळायचं नाही. प्रथिनाचं काम, त्याचा टिकाऊपणा, त्याचा आजार, हे सगळं या मागच्या भिंतींवर ठरतं.

माझी मावशी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लॅबमधला प्रश्न विचारायचा तिचा सूर गेलेला नाही. मी काय करते ते एकदा तिला पडद्यावर दाखवत होते. म्हटलं, दोन आम्लांमधलं अंतर आठ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) आत असेल तर आम्ही त्यांना लागून आहेत असं धरतो. तिने लगेच विचारलं, "आठच का गं? नऊ का नाही?"

हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा म्हणून मी वाट बघत असते, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. कार्बनच्या अणूची त्रिज्या साधारण १.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन कार्बन ३.४ अंतरावर आले की एकमेकांना टेकले. मग आठ कुठून आले? कारण आपण टेकलेल्या टोकांमधलं अंतर मोजतच नाही. प्रत्येक अमिनो आम्लाला कण्यापासून फुटलेली एक शाखा असते. त्या शाखेचा पहिला कार्बन म्हणजे बीटा कार्बन. आपण या बीटा कार्बनपासून त्या बीटा कार्बनपर्यंत मोजतो. ग्लायसिनला शाखाच नाही, तिथे कण्यातला अल्फा कार्बन धरतात. दोन्ही बाजूंच्या शाखा मध्ये येऊन टेकायच्या तर मुळांमधलं अंतर तितकं असायला जागा द्यावी लागते. रचनेचं भाकीत करणाऱ्यांच्या कॅस्प या स्पर्धेत आठाचा नियम धरला गेला आणि तो रुळला. सोयीचा आहे, पण निसर्गाने आखलेली ती रेघ नव्हे. काहीजण हायड्रोजन सोडून कुठलेही दोन अणू साडेचार किंवा पाच अँगस्ट्रॉमच्या आत आले की संपर्क मानतात, आणि मला स्वतःला बारीक काम करताना तेच पटतं. आठाच्या नियमात अशाही जोड्या येतात ज्यांच्या शाखा एकमेकींकडे पाठ करून आहेत. उलट अर्जिनिन आणि ग्लुटामिक आम्ल यांच्यासारख्या लांब शाखांची जोडी, जिच्यात धन आणि ऋण भार एकमेकांना घट्ट धरून आहेत, ती बीटा कार्बन दूर असल्यामुळे यादीतून सुटू शकते.

जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासला सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबत १९६३ मध्ये जो नकाशा मांडला, तो आज प्रत्येक जीवरसायनाच्या पुस्तकात असतो. तो मुळात अंतरांवरच उभा आहे. प्रथिनाचा कणा दोन कोनांत वळतो. प्रत्येक वळणाला कोणते अणू एकमेकांवर आदळतात ते तपासायचं, आणि जिथे आदळत नाहीत तेवढीच जागा मोकळी. मला त्यात सगळ्यात आवडते ती गोष्ट अशी की त्यांनी प्रत्येक जोडीला दोन मर्यादा ठेवल्या. कार्बन-कार्बनसाठी नेहमीची ३.२ आणि अगदी टोकाची ३.०. एकाच आकड्याचा हट्ट धरला नाही. मावशीच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच होतं: नऊ धरून बघ, सात धरून बघ, आणि जे दोन्हीत टिकतं त्यावर आधी विश्वास ठेव.

जोड्यांची यादी चौकोनी कागदावर मांडली की संपर्कांचा नकाशा तयार होतो. आडवे १४६, उभे १४६, आणि जिथे दोन आम्लं लागून आहेत तिथे ठिपका. कर्णावरचे ठिपके बिनकामाचे, कारण साखळीत सलग असलेली आम्लं जवळ असणारच. म्हणून साखळीतलं अंतर किमान सहा असलेल्या जोड्याच मोजतात, आणि २४ किंवा त्याहून जास्त अंतराच्या जोड्यांना लांब पल्ल्याच्या म्हणतात. घडी खरी सांगतात त्या याच. हिमोग्लोबिनच्या नकाशात कर्णालगत जाड पट्टा दिसतो, कारण ही साखळी जवळजवळ सगळी सर्पिल वळणांची आहे, आणि सर्पिलात प्रत्येक आम्ल आपल्यापुढच्या चौथ्याला धरून असतं. बीटा साखळीत अशी आठ वळणं, ए ते एच. मग कर्णापासून दूर तुरळक ठिपक्यांची बेटं: ए वळण एचला लागलेलं, बी वळण ई आणि जीला, जी आणि एच एकमेकांना. सरावलेल्या डोळ्याला असा नकाशा बघून हे ग्लोबिन कुळातलं प्रथिन आहे हे ओळखता येतं. दुमडलेल्या पट्ट्यांच्या प्रथिनाचा नकाशा अगदी निराळा; तिथे कर्णाला काटकोनात छेदणाऱ्या सरळ रेघा येतात.

बडोद्यात हा विषय शिकवताना एक नाव घ्यावंच लागतं. व्यंकटरामन रामकृष्णन इथे वाढले, महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्रात पदवीधर झाले, आणि २००९ मध्ये रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेसाठी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्याकडे त्यांचं नाव अभिमानाने घेतात. पण त्यांच्या गटाने नेमकं काय पाहिलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून मी ते वर्गात सांगतेच. रायबोसोमचा छोटा भाग त्यांनी २०००मध्ये उलगडला. पुढच्या वर्षी दाखवलं की योग्य अमिनो आम्ल घेऊन येणारा आरएनए येऊन बसला की रायबोसोममधले १४९२ आणि १४९३ क्रमांकाचे, आरएनएचा घटक असलेले दोन अ‍ॅडेनिन आपल्या जागेवरून बाहेर वळतात आणि संकेताच्या जोडीला खाचेतून चाचपून बघतात. जोडी बरोबर असेल तर ते तिथे नीट बसतात, चुकीची असेल तर बसत नाहीत. आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन अशा चाचपणीतून गेलेलं असतं. ही आरएनएची गोष्ट आहे, अमिनो आम्लांची नाही, पण निर्णय लागतो तो कोण कोणाला टेकलं यावरूनच.

आता माझ्या मनाच्या सगळ्यात जवळची जोडी.

मावशी नोकरीत असताना छोटा उदेपूर, बोडेली, कवांट या बाजूच्या शिबिरांना जायची. आदिवासी पट्टा, आणि तिथे तांबड्या पेशी वाकड्या करणारा सिकल सेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तपासणी साधी असते. नळीत फॉस्फेटचं द्रावण, तांबड्या पेशी फोडणारं सॅपोनिन आणि सोडियम डायथायोनाइट. त्यात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, आणि नळी रेघा मारलेल्या कार्डासमोर धरायची. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. मग इलेक्ट्रोफोरेसिससाठी, म्हणजे विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघायच्या चाचणीसाठी, नमुना पुढे पाठवायचा, कारण माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे नळी सांगू शकत नाही.

तो गढूळपणा म्हणजे अमिनो आम्लांचा संपर्क आहे, डोळ्यांनी दिसणारा. मला हे विलक्षण वाटतं आणि कितीही वेळा सांगितलं तरी कमी वाटत नाही. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९मध्ये दाखवलं की सिकलचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं. व्हर्नन इनग्राम यांनी केंब्रिजला १९५६-५७ मध्ये फरक नेमका शोधला: बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बाकी सगळं तेच. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत नोंदवला गेला, म्हणजे कारण कळायच्याही आधी.

सहाव्या जागेची शाखा बाहेर पाण्याकडे तोंड करून असते. ग्लुटामिक आम्लाला ऋण भार असतो, त्याला पाणी मानवतं. व्हॅलिन तेलकट, त्याला पाण्यात राहवत नाही. तरीही एकटी साखळी घेऊन संपर्कांची यादी काढली तर दोन्हींत सांगण्यासारखा फरक पडत नाही. घडी तीच, ऑक्सिजन धरणं-सोडणंही जवळपास तसंच. एका रेणूपुरतं बघणाऱ्याला इथे आजार दिसणारच नाही.

तो दिसतो दुसरा रेणू शेजारी ठेवल्यावर. पीडीबीत २एचबीएस नावाची रचना आहे, १९९७ मध्ये २.०५ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट केलेली, ऑक्सिजन सोडलेल्या सिकल हिमोग्लोबिनची. मी विद्यार्थ्यांना ती फाईल उघडायला लावते आणि एका रेणूचं सहावं व्हॅलिन रंगवायला सांगते. मग त्याच्याभोवती पाच अँगस्ट्रॉमच्या आत काय आहे ते विचारायचं. उत्तरात शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतली नावं येतात: ८५वं फिनाइलअ‍ॅलॅनिन, ८८वं ल्युसिन, ७०वं अ‍ॅलॅनिन. तिघांनी मिळून एक तेलकट खळगा केलेला आहे. व्हॅलिनच्या टोकाचे दोन कार्बन त्यात उतरलेले दिसतात, एक बाजू फिनाइलअ‍ॅलॅनिनच्या कड्याला चिकटून. प्रतिमा थोडी फिरवली की खळग्यात कुठे रिकामी जागा उरलेली दिसत नाही. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरलेला असतो तेव्हा हा खळगा व्हॅलिनला घेण्याजोगा राहत नाही. नळीतलं डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं ते याचसाठी.

एका रेणूत बीटा साखळ्या दोन, पण असे रेणू एकमेकांना जोडून जो धागा होतो त्यात दोनपैकी एकाच साखळीचं व्हॅलिन शेजाऱ्याच्या खळग्यात बसलेलं असतं. तेवढ्यावर रेणूंची दुहेरी सर तयार होते आणि अशा सात सरी पिळून एक ताठ धागा होतो. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन मुळातच दाटीवाटीने भरलेलं असतं. धागे वाढले की पेशी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. धागा सुरू व्हायला लागणारा वेळ हिमोग्लोबिनच्या दाटपणावर कमालीचा अवलंबून असतो. मोजणाऱ्यांनी तो दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात सांगितला आहे. म्हणजे दाटपणा जरासा वाढला तरी तो वेळ झपाट्याने आखडतो. शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं ते यामुळे. वैशाखात शेतावर किंवा बांधकामावर दिवसभर उन्हात राहणाऱ्या मुलाला भरपूर पाणी पी म्हणून सांगणारी आरोग्यसेविका याच घाताविषयी बोलत असते.

संपर्कांचं विश्लेषण करणाऱ्यांची एक सवय मला इथे खटकते. स्फटिकात शेजारी-शेजारी बसलेल्या रेणूंमध्ये जे संपर्क दिसतात ते बहुतेक वेळा नुसते रचून ठेवल्यामुळे आलेले असतात, जीवशास्त्रात त्यांना अर्थ नसतो. म्हणून प्रोग्राम लिहिताना पहिल्याच ओळीत एक साखळी ठेवून बाकीच्या गाळून टाकतात. शेकडो रचना एकदम तपासायच्या असतील तर ते ठीकच. पण सिकलचा सगळा आजार त्या गाळलेल्या भागात आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की गाळणी लावायच्या आधी एकदा न गाळता बघा, आणि गाळलं काय ते वहीत लिहून ठेवा.

उत्क्रांतीच्या आधाराने संपर्क ओळखायची जी पद्धत गेल्या दशकात पुढे आली, तिचंही इथे काही चालत नाही. कल्पना सुंदर आहे. दोन जागा एकमेकींना लागून असतील तर एकीत बदल झाला की दुसरीला जुळवून घ्यावं लागतं. हजारो प्राण्यांमधल्या त्याच प्रथिनाचे क्रम शेजारी मांडले की या जुळवाजुळवीच्या खुणा सापडतात, आणि त्यावरून न पाहिलेली घडी सांगता येते. २०११ च्या सुमारास हे नीट जमलं. प्रथिनाची घडी सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीने याच माहितीचा आधार घेऊन २०२० मध्ये जी मजल मारली तिला २०२४ च्या नोबेलमध्ये मान मिळाला. पण व्हॅलिन आणि त्या खळग्याची जोडी निसर्गाने निवडून जपलेली नाही. व्हॅलिन टिकलं ते मलेरियामुळे: जनुकाची एकच प्रत असलेल्याला मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. खळगा तिथे आधीपासून होताच, आपल्या सगळ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. क्रम कितीही जमवले तरी ही भेट त्यांत लिहिलेली सापडणार नाही. ती रचनेतच बघावी लागते.

मावशीचा दुसरा प्रश्न तिच्या अनुभवातून आला. "सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची ती नळीची टेस्ट आम्ही करायचोच नाही. आणि बाळांना तेव्हा काही त्रासही नसायचा. आईला सांगितलं तर खरंही वाटायचं नाही. ते तुझ्या या चित्रात दिसतं का?"

दिसतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात जास्त करून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी. न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच लिहिलं होतं की नवजात बाळांच्या पेशी कमी वाकतात, त्या या हिमोग्लोबिनमुळे. गॅमा आणि बीटा शेजारी ठेवले की ८७व्या जागेवर फरक सापडतो: बीटात थ्रिओनिन, गॅमात ग्लुटामिन. ८७ म्हणजे खळग्याच्या अगदी काठावर, ८५ आणि ८८च्या मध्ये. ग्लुटामिनची शाखा लांब, ती तिथे आडवी आली की शेजारचा रेणू नीट टेकू शकत नाही. प्रौढांच्या रक्तात थोडंसं असणारं एटू हिमोग्लोबिन घ्या. त्याच्या डेल्टा साखळीतही ८७ला ग्लुटामिनच आहे, आणि तेही धाग्याला साथ देत नाही. बाळ मोठं होतं, गॅमा कमी होते, सिकलची बीटा तिची जागा घेते, आणि मग पहिलं दुखणं येतं, बऱ्याचदा हातापायांच्या सुजेने.

भारतातल्या अनेक रुग्णांत मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं. त्यांच्या जनुकाभोवतीचा भाग अरब-भारतीय म्हणून ओळखला जातो आणि आपल्या पश्चिमेकडच्या आदिवासींत तो आढळतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी हेच प्रमाण वाढवते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दोन जनुकीय उपचारांना एकाच दिवशी मान्यता मिळाली. एक गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. दुसऱ्यात रुग्णाच्या पेशीत एक बनवलेलं बीटा जनुक घालतात, ज्यात ८७व्या जागेवर मुद्दाम थ्रिओनिन काढून ग्लुटामिन लावलेलं आहे. एक अमिनो आम्ल बदलून एक संपर्क होऊ द्यायचा नाही, एवढाच त्यातला विचार. हा उपचार कवांटच्या मुलापर्यंत पोचण्याइतका स्वस्त नाही आणि लवकर होईल असं मला दिसत नाही. त्याला आज गोळी मिळायला हवी, नेमाने आणि घराजवळ. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल मोहिमेचं खरं माप माझ्या लेखी तेच आहे. आजार संपवायला तिने ठरवलेली २०४७ ही तारीख फार दूरची आहे.

या सत्रात विद्यार्थी ७३व्या जागेवर काम करताहेत. व्हॅलिन खळग्यात बसतं तेव्हा त्याच्याच साखळीतलं चौथं थ्रिओनिन शेजाऱ्याच्या ७३व्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाशी हायड्रोजन बंध जोडतं. घानामध्ये काही लोकांत त्या ७३व्या जागी अ‍ॅस्पराजिन असतं, त्या हिमोग्लोबिनचं नाव कोर्ले-बू. एका जनुकात सिकल आणि दुसऱ्यात कोर्ले-बू असलेल्यांना त्रास होत नाही. आठाच्या नियमाने ७३ची जोडी यादीत येते का, पाचाच्या नियमाने येते का, आणि अ‍ॅस्पराजिन लावल्यावर काय उरतं, हे तिघांनी वेगवेगळं काढून आणायचं आहे. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, तिघांना आधी एकदा शिबिराला पाठव, नळी हातात धरू दे. पावसाळ्याआधी बोडेलीकडे एक शिबिर लागणार आहे. तिच्या ओळखीच्या सिस्टरना मी फोन केला आहे.